गिटारची जागा, माउथऑर्गनची जागा : ब्लूज बँडमध्ये वादक घडतात ते कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या बँडमधून एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन आणि मिक टेलर असे तीन गिटारवादक लागोपाठ बाहेर पडले आणि तिघेही मोठे झाले. शिकागोचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स याच्या बँडमधून लिटल वॉल्टर, ज्युनियर वेल्स, जेम्स कॉटन अशी माउथऑर्गनवाल्यांची रांगच लागली. हा योगायोग, नेत्याची पारख, की तिथे खरोखर काही शिकवलं जात होतं? आणि आज चार-पाच जणांचा ब्लूज बँड चालवणाऱ्याने त्यातून काय उचलावं?

शिकवणी म्हणावी असं काही तिथे नव्हतं. पारख होती, पण नुसत्या पारखीने एवढी रांग लागत नाही. या बँडांची बांधणीच अशी होती की एका विशिष्ट जागेवर उभं राहणाऱ्याला सुधारण्यावाचून गत्यंतर नसे. मेयॉलकडे ती जागा गिटारची होती, मडीकडे माउथऑर्गनची. जागा तीच राहायची, माणसं बदलायची.

आधी मेयॉल. १९३३ साली मॅकल्सफील्डला जन्मलेला हा माणूस लंडनमधला ब्लूज बँडवाला अलेक्सिस कॉर्नर याच्या आग्रहाने मँचेस्टर सोडून लंडनला आला आणि १९६३ मध्ये त्याने ब्लूजब्रेकर्स उभा केला. तो गायचा, ऑर्गन आणि पियानो वाजवायचा, माउथऑर्गन वाजवायचा, वेळेला गिटारही घ्यायचा. पण लीड गिटार, म्हणजे सुरावट आणि सोलो वाजवणारी गिटार, हे त्याचं वाद्य नव्हतं. इलेक्ट्रिक ब्लूजमध्ये गायकाखालोखाल लक्ष जातं ते लीड गिटारकडे, आणि नेमकी तीच जागा नेत्याने स्वतः अडवलेली नव्हती. याच्या उलट स्वतःच लीड गिटार वाजवणारा बी. बी. किंग बघा. त्याच्या बँडमध्ये दुसरा गिटारवादक कोण होता, हे जाणत्या रसिकालाही आठवावं लागतं. त्याला नेत्याच्या सावलीतच वाजवायचं होतं, त्यामुळे तो कितीही चांगला असला तरी पुढे येण्याचा प्रश्नच नव्हता. नेता ज्या वाद्यात सर्वांत भारी, ते वाद्य त्याच्या बँडमध्ये सहसा दुसऱ्याच्या हातात मोठं होत नाही.

क्लॅप्टन ‘यार्डबर्ड्स’ सोडून एप्रिल १९६५ मध्ये मेयॉलकडे आला. काही काळ तो मेयॉलच्या घरीच राहत होता आणि मेयॉलचा रेकॉर्डसंग्रह ऐकत होता. अमेरिकन ब्लूजच्या रेकॉर्ड मिळवायलाच मारामार होती त्या काळात हा संग्रह हाताशी असणं ही फार मोठी गोष्ट. १९६५ च्या उत्तरार्धात तो मध्येच ग्रीसला निघून गेला, परत आला, मेयॉलने त्याला पुन्हा घेतलं. १९६६ च्या वसंतात वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेक्का स्टुडिओत निर्माता माइक व्हर्नन आणि ध्वनिमुद्रक गस डजन यांच्यासोबत जो अल्बम झाला, तो जुलैत बाजारात आला आणि ब्रिटिश यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. तोवर क्लॅप्टन ‘क्रीम’ या नव्या बँडकडे निघालेलाही होता. क्रीममधला जॅक ब्रूस आणि तो एकत्र वाजवले होते ते आधीच्या हिवाळ्यात, मेयॉलकडेच, जेमतेम काही आठवडे.

त्याच्या जागी पीटर ग्रीन आला. तो १९६७ च्या मध्याला गेला आणि मिक फ्लीटवुडसोबत ‘फ्लीटवुड मॅक’ उभा केला. फ्लीटवुडही काही आठवडे मेयॉलचा ड्रमर होता, आणि थोड्याच दिवसांत मेयॉलचा बासवादक जॉन मॅकव्हीही तिकडे गेला. मग मेयॉलने ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात जाहिरात दिली. तिला उत्तर देणाऱ्यांत मिक टेलर होता, वय १८. त्याला मेयॉल ओळखत होता, कारण सोळा-सतरा वर्षांचा असताना वेल्विन गार्डन सिटीच्या कार्यक्रमाला क्लॅप्टन आलाच नाही तेव्हा हाच पोरगा मंचावर चढून वाजवून गेला होता. टेलर १९६९ च्या जूनपर्यंत राहिला आणि तिथून थेट रोलिंग स्टोन्समध्ये गेला.

आता एक गोष्ट कान देऊन तपासा. मेयॉलसोबतच्या तिघांच्याही पहिल्या अल्बमवर अमेरिकन ब्लूज गिटारवादक फ्रेडी किंगची एकेक वाद्यरचना आहे. क्लॅप्टनच्या वाट्याला ‘हाइडअवे’, ग्रीनच्या वाट्याला ‘द स्टंबल’, टेलरच्या वाट्याला ‘ड्रायव्हिंग साइडवेज’. गाणं नाही, म्हणजे गायकाच्या मागे लपायला जागा नाही. रचना दुसऱ्याची आणि ऐकणाऱ्यांना माहीत असलेली, म्हणजे चूक लगेच कळणार. तिघांना पेपर काढणारा एकच, प्रश्न मात्र वेगळे. ‘हाइडअवे’ आहे ई पट्टीतला १२ बारांचा (बार म्हणजे चार मात्रांचा गट), पण जवळजवळ प्रत्येक आवर्तनाला नवा मुखडा येतो. मध्ये सगळा बँड थांबतो तो तुकडा येतो, मग खालच्या तारांवरची धून. पाच-सहा निरनिराळे तुकडे क्रमाने लक्षात ठेवून वाजवायचे असतात, आणि सोलो म्हणून मनात येईल ते फिरवणारा इथे तिसऱ्या तुकड्याला उघडा पडतो. ‘द स्टंबल’ची अडचण वेगळी. त्याची सुरुवातच चौथ्या कॉर्डवर आहे (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर, चौथा म्हणजे पट्टीच्या चौथ्या स्वरावरचा), ई पट्टीत म्हणजे ए कॉर्डवर. मूळ कॉर्डपासून मोजायची सवय असलेला बँड पहिल्या दोन बारांतच घसरतो, आणि मग ड्रमर एका ठिकाणी, बास दुसऱ्या ठिकाणी.

या तीन रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकल्या की मेयॉलची पद्धत कळते. क्लॅप्टनचा आवाज जाड आणि आक्रमक आहे. गिब्सन लेस पॉल आणि मार्शलचा दोन बारा इंची स्पीकरांचा अँप्लिफायर, तोही मंचावर लावतात तेवढ्या मोठ्या आवाजात, स्टुडिओवाल्यांना घाम फोडणारा. ग्रीन तेवढेच सूर घेत नाही, सुरांच्या मध्ये जागा ठेवतो. त्याच अल्बमवरच्या ‘द सुपरनॅचरल’मध्ये तो एकेक सूर किती वेळ धरतो ते मोजून बघा. टेलरचं वाक्य लांब, गुळगुळीत, एका दमात जाणारं. म्हणजे नव्या माणसाला आधीच्याची नक्कल करायला लावली गेली नाही. ठरावीक सामग्री दिली, ती आपल्या हाताने वाजव म्हटलं. शिवाय पहिल्या दोघांना अल्बमवर गायलाही लावलं : क्लॅप्टनने पहिल्यांदा रेकॉर्डवर मुख्य गायन केलं ते ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’ मेयॉलच्याच अल्बमवर, ग्रीनने ‘द सेम वे’ त्याच्या अल्बमवर. गिटारवादकाला गायला लावण्याचा फायदा गायनापेक्षा वादनालाच जास्त होतो. त्याचं कारण पुढे बारांचा हिशेब मांडताना येईल.

मडी वॉटर्सकडची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते तीच जास्त उपयोगाची. मडी १९४३ मध्ये मिसिसिपीतून शिकागोला आला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या बँडमध्ये जिमी रॉजर्स दुसऱ्या गिटारवर आणि लिटल वॉल्टर माउथऑर्गनवर होता. या सुरुवातीच्या बँडमध्ये मंचावर बासवादकच नव्हता. ते काम रॉजर्स गिटारच्या खालच्या तारांवर करायचा, मडी वर स्लाइड (तारांवर नळी घासत) वाजवायचा, आणि दोघांच्या मधली उरलेली जागा वॉल्टरची. पुढे ओटिस स्पॅन पियानोवर आला तेव्हाही हाच हिशेब राहिला : प्रत्येकाची पातळी वेगळी, कोणी कोणाच्या अंगावर चढत नाही.

१२ मे १९५२ ला मडीच्याच रेकॉर्डिंगच्या सत्रात बँडने वॉल्टरच्या नावावर ‘ज्यूक’ ही वाद्यरचना केली. क्लबातल्या कार्यक्रमात बँड वाजवत असे त्या धूनेवर ती बेतलेली होती. ती रिदम-अँड-ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि वॉल्टर बँड सोडून गेला. त्याच्या जागी ज्युनियर वेल्स आला तो ‘एसेस’ या बँडमधून; वॉल्टरने त्याच एसेसना आपल्या मागे घेतलं. थोडक्यात दोघांनी बँडांची अदलाबदल केली.

यापुढचा भाग महत्त्वाचा. वॉल्टर बँडमधून गेला तरी मडीच्या रेकॉर्डवर पुढची काही वर्षं वॉल्टरच वाजवत राहिला. १९५४ च्या ‘हूची कूची मॅन’वर माउथऑर्गन त्याचाच आहे. मंचावर मात्र रोज रात्री दुसरा माणूस उभा. १९५४ मध्ये आलेल्या जेम्स कॉटनची अडचण अशी की लोकांनी रेकॉर्ड ऐकलेली वॉल्टरची आणि समोर उभा कॉटन. म्हणजे वॉल्टरचे तुकडे जसेच्या तसे बसवायचे, आणि रेकॉर्डिंगची वेळ आली की घरी बसायचं. जाचक होतंच, पण हा रियाज दुसरा कुठे मिळणार? काही वर्षं दुसऱ्याचं अचूक वाजवल्यावर त्याच्या हाताला वॉल्टरची जागा सापडली आणि मग स्वतःचीही. १९६० च्या न्यूपोर्ट महोत्सवातल्या ‘गॉट माय मोजो वर्किंग’मध्ये ऐकू येतो तो माणूस कोणाची नक्कल करत नाही. १९६६ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला. त्याच्यानंतर या जागेवर पॉल ऑशर, जेरी पोर्टनॉय असे लोक आले. पियानोवर स्पॅननंतर १९६९ मध्ये पाइनटॉप पर्किन्स, गिटारवर १९७३ पासून बॉब मार्गोलिन.

आता बारांकडे. या बँडमध्ये वादक काय शिकत होता ते १२ बारांच्या आवर्तनात नेमकं दाखवता येतं. ए पट्टी घ्या. बार १ ते ४ ए७ (बऱ्याच गाण्यांत दुसऱ्या बारात डी७ वर जाऊन परत, त्याला क्विक चेंज म्हणतात), ५-६ डी७, ७-८ ए७, ९ ई७, १० डी७, ११ ए७, १२ ई७. हे सगळ्यांना येतं. फारसं कोणी लक्ष देत नाही ते गायकाच्या हिश्शाकडे. ब्लूजच्या कडव्यात तीन ओळी असतात, प्रत्येक ओळीला चार बार. त्यातले पहिले दोन गायकाचे, पुढचे दोन वाद्याचे. म्हणजे १-२, ५-६, ९-१० या बारांत गाणं. ३-४, ७-८, ११-१२ या बारांत उत्तर. माउथऑर्गन किंवा लीड गिटारचं खरं काम या सहा बारांत आहे, आणि उत्तर म्हणजे गायकाने जिथे ओळ सोडली तिथला सूर उचलून पुढे नेणं. स्वतः गाणारा वादक हे आपोआप पाळतो, कारण श्वास कुठे घ्यायचा हे त्याला माहीत असतं.

थोडा हिशेब करा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत शफल (ब्लूजची झुलती चाल) असेल तर ४८ मात्रांचं आवर्तन २४ सेकंदांत संपतं. ६० च्या संथ ब्लूजमध्ये तेच ४८ सेकंद घेतं. सरासरी ३० सेकंद धरा. ४५ मिनिटांचे तीन भाग वाजवले की एका रात्रीत २७० आवर्तनं होतात. पंचवीसेक गाणी, प्रत्येकात दोन आवर्तनं सोलो मिळाला, तर एका वादकाच्या वाट्याला सोलोची ५० आवर्तनं येतात. उरलेली २२० संगतीची. आठवड्यातल्या बहुतेक रात्री हेच. घरी सोलोचाच सराव करणारा वादक अशा बँडमध्ये पाचापैकी चार वेळा तयारीशिवायच उभा असतो, आणि याच कारणाने नव्या बँडांचा आवाज इतका गिचमिड येतो.

संगतीत नेमकं काय चुकतं, तेही सांगतो. दोन गिटार असल्या की दोघेही पाचव्या पडद्याच्या आसपास तेच, एका बोटाने सहाही तारा आडव्या दाबून घेतलेले कॉर्ड धरतात. दोघांचा मिळून एकच जाड, धूसर आवाज येतो आणि ऑर्गन किंवा पियानो त्यात बुडतो. उपाय जिमी रॉजर्सचाच. एकाने खालच्या दोन-तीन तारांवर शफलची चाल धरायची, मोकळी ए तार वापरून. दुसऱ्याने वरच्या तीन-चार तारांवर कॉर्डचा छोटा तुकडा, आणि तोही फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, वाजवून लगेच दाबून टाकायचा. डी७ च्या जागी पाचव्या पडद्यावरचा डी९ घेतला तर आवाज भरतो पण जड होत नाही. बासवादक असेल तर खालची गिटार आणखी कमी करायची; दोघांनी तीच चाल वाजवली तर एकाने थांबलेलं बरं.

माउथऑर्गनवाल्याची ठरलेली चूक म्हणजे गायक गात असताना वाजवत राहणं. यावर रियाजात एकच बंधन घाला : १-२, ५-६, ९-१० या बारांत हात मायक्रोफोनपासून खाली. पहिले काही दिवस त्याला मोजावं लागेल, मग ते कानात बसतं. पट्टीचा हिशेबही पाठ हवा : ए पट्टीच्या गाण्याला डीचा माउथऑर्गन, ईला एचा, जीला सीचा, म्हणजे गाण्याच्या चौथ्या स्वराचा. अँप्लिफायरमधून वाजवत असेल तर बास वाढवून ट्रेबल कमी करायचा, आवाज शिट्टी वाजेपर्यंत चढवून मग जरा खाली घ्यायचा, आणि मायक्रोफोनचं तोंड कधीही स्पीकरकडे वळू द्यायचं नाही.

ड्रमरचा शफल हा वेगळाच विषय आहे, पण इतकं लक्षात ठेवा. शफलमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन भाग असतात आणि ठोका पहिल्यावर व तिसऱ्यावर पडतो, म्हणजे प्रमाण दोनास एक. घाईत तिसरा ठोका आणखी मागे सरकून पुढच्या मात्रेला चिकटला की कवायतीसारखं उड्या मारत चालतं. दोन्ही भाग सारखे झाले की सरळ रॉक होतं. तपासायला मेट्रोनोम ६० वर लावा आणि १२० च्या लयीतला शफल असा वाजवा की त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडेल. लय पळते की रेंगाळते ते दोन आवर्तनांत उघड होतं.

मडीच्या बाबतीत याच्याही वर एक परीक्षा होती. तो ठोक्याच्या किंचित मागे गायचा. ड्रमर गायकाची वाट बघत थांबला तर सगळंच ढिलं पडतं, न थांबता सरळ गेला तर गायक एकटा पडतो. बँडने आपली लय न सोडता गायकाला त्याच्या ठिकाणी राहू द्यायचं असतं. ‘हूची कूची मॅन’सारख्या गाण्यात तर १६ बार आहेत, सुरुवातीचे चार वाढवून आठ केलेले, आणि त्यांत बँड थांबून-थांबून एकच वळसा मारतो. मधल्या शांततेत सगळ्यांनी मनात सारखंच मोजलं नाही तर परतीचा ठोका विखुरतो. हे कागदावर लिहून येत नाही. गायकाच्या तोंडाकडे बघत येतं.

बाकीच्या बँडांबद्दल थोडक्यात.

शिकागोचाच गायक हाउलिन वुल्फ याच्याकडे शिस्त होती आणि पैशांची व्यवस्था होती. तो वादकांच्या पगारातून सामाजिक सुरक्षेची रक्कम कापून भरायचा, बेकारीचा विमाही भरायचा. त्या काळच्या क्लबांच्या दुनियेत ही दुर्मीळ बाब. म्हणून ह्यूबर्ट सम्लिनसारखा गिटारवादक, मध्ये काही काळ मडीकडे जाऊन येऊनसुद्धा, वुल्फच्या मृत्यूपर्यंत म्हणजे १९७६ पर्यंत त्याच्याशी जोडलेला राहिला. सम्लिन सांगत असे की वुल्फने त्याला पिक (तार छेडायची चकती) टाकून बोटांनी वाजवायला लावलं, कारण वाजवणं गायनाच्या वर जात होतं. बोटांनी वाजवलं की वेग उतरतो, प्रत्येक सुराचं वजन बदलतं, आणि सम्लिनचा ओळखीचा तुटक, अचानक उसळणारा आवाज तिथून आला. एखाद्या वादकाचं काहीतरी काढून घेणं हाही शिकवण्याचा प्रकार आहे. मात्र तो नेमकं काय काढायचं हे कळणाऱ्यानेच करावा.

अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांचा ‘ब्लूज इन्कॉर्पोरेटेड’ नेहमी या यादीत घातला जातो. मी त्याला शाळा म्हणणार नाही. १७ मार्च १९६२ ला त्यांनी ईलिंगमध्ये क्लब सुरू केला. तिथे चार्ली वॉट्स ड्रम वाजवायचा, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर येऊन गेले, मिक जॅगर गायचा, ब्रायन जोन्स यायचा. मंच मोकळा, येईल त्याला संधी. त्याच जुलैच्या १२ तारखेला कॉर्नरचा बँड बीबीसीच्या कार्यक्रमाला गेला म्हणून मार्की क्लबातली रिकामी रात्र रोलिंग स्टोन्सला मिळाली आणि तो त्यांचा पहिला कार्यक्रम ठरला. ओळखी तिथे झाल्या, बँड तिथे जुळले. पण एका जागेवर उभं राहून रोज तेच नीट वाजवण्याची सक्ती तिथे नव्हती. ज्यांना ती हवी होती ते पुढे दुसरीकडे गेले.

पॉल बटरफिल्ड स्वतः माउथऑर्गन वाजवायचा, त्यामुळे त्याच्याकडे घडले ते गिटारवादक : माइक ब्लूमफिल्ड आणि एल्विन बिशप. त्याची हुशारी अशी की शिकागोत १९६३ मध्ये बँड जमवताना ड्रमर सॅम ले आणि बासवादक जेरोम आर्नल्ड हे दोघे त्याने थेट वुल्फच्या बँडमधून आणले. पाया मुरलेला, वरचे लोक नवे. १९६६ च्या ‘ईस्ट-वेस्ट’ या तेरा मिनिटांच्या रचनेत ब्लूमफिल्ड रागसंगीताच्या वळणाने एकाच आधारस्वरावर लांबलचक विस्तार करतो. आपल्याकडच्या कानांना त्यातला विस्तार आखूड वाटेल, पण तो करताना मागची लय ढळत नाही, ही कमाई मुरलेल्या पायाची. नवशिक्यांचा बँड असेल तर एकच अनुभवी माणूस परवडत असेल तेव्हा गिटारवादक आणू नका, ड्रमर आणा.

आता तुमच्या बँडकडे. पहिलं काम, मोकळी जागा कोणती हे ठरवणं. नेता गिटारवादक असेल तर त्याच्या बँडमध्ये दुसरा गिटारवादक घडेल ही अपेक्षा ठेवू नये. पियानो किंवा माउथऑर्गन घडू शकेल. मग पहिले काही महिने मडीची पद्धत धरा : पंधरा-वीस गाणी, मूळ रेकॉर्डवरचे वाद्यांचे तुकडे जसेच्या तसे, संगतीसकट. ते बसल्यावर मेयॉलची पद्धत : घडणाऱ्या वादकाला एक वाद्यरचना आणि एक गाणं स्वतःच्या नावावर द्यायचं, दर कार्यक्रमाला, चुकलं तरी काढून घ्यायचं नाही. उलट्या क्रमाने केलं, म्हणजे आधी मोकळीक आणि मग शिस्त, तर शिस्त येत नाही.

सोलो दोन आवर्तनांचा. तिसरं हवं असेल तर नेत्याने मान हलवायची. गाणं सुरू करताना चार गोष्टी मोठ्याने सांगायच्या : पट्टी, चाल, क्विक चेंज आहे की नाही, आणि सुरुवात कुठून. ‘ए मध्ये शफल, क्विक चेंज, पाचव्या कॉर्डवरून’ म्हटलं की सगळे नवव्या बारापासून वाजवतात आणि चार बारांत मुखड्यावर येतात. मंचावर खुणाही ठरवून घ्या. बोटं वर म्हणजे पट्टीतल्या शार्पांची (चढवलेल्या सुरांची) संख्या, खाली म्हणजे फ्लॅटांची (उतरवलेल्या सुरांची). मूठ वर म्हणजे या आवर्तनाला शेवट. शेवट नेहमीचा : अकराव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर सगळे थांबतात, सोलोवाला एक तुकडा वाजवतो, बाराव्यात मूळ कॉर्डच्या अर्धा सूर वरचा कॉर्ड आणि मग मूळ कॉर्ड, ए पट्टीत बी-फ्लॅट९ वरून ए९. शेवट धड जमत नसेल तर रियाजात फक्त शेवटची चार बार घेऊन दहा वेळा वाजवा. अख्खं गाणं पुन्हापुन्हा घेण्यात वेळ जातो आणि शेवट तसाच राहतो.

आवाजाचा नियम सोपा आहे पण पाळणं कठीण. गायकाचे शब्द ऐकू आले नाहीत तर मायक्रोफोन वाढवायचा नाही, वाद्यं कमी करायची. क्लॅप्टनचा मोठा आवाज सगळ्यांना आठवतो. त्याच्या मागे ह्यूई फ्लिंट आणि मॅकव्ही किती आवरून वाजवत होते ते त्याच अल्बमवर नीट ऐका.

पैशांचं आधी बोलून ठेवा, आणि कागदावर. १९८० मध्ये मडीचे पाइनटॉप पर्किन्स, ड्रमर विली स्मिथ, बासवादक कॅल्व्हिन जोन्स, पोर्टनॉय वगैरे वादक पैशांच्या वादातून एकत्रच बाहेर पडले आणि त्यांच्यातल्या काहींनी ‘लेजंडरी ब्लूज बँड’ काढला. तीन दशकं वादक घडवणारा बँड कलेच्या भांडणाने नव्हे, हिशेबाच्या भांडणाने फुटला. कार्यक्रमाच्या मानधनात नेत्याचा हिस्सा किती, प्रवास कोणाचा, रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे की त्यातच, एवढं तरी आधी ठरवा.

शेवटचा मुद्दा माणूस जाण्याचा. अशा बँडमध्ये घडलेला वादक जाणारच, आणि ज्या क्षणी तो सर्वांत चांगला वाजवतो त्याच क्षणी जाणार. म्हणून प्रत्येक गाण्याची पट्टी, लय, रचना आणि ठरलेले तुकडे एका वहीत असू द्या, आणि अधल्यामधल्या रात्री बदली वादकाला दोन-तीन गाणी वाजवू द्या. मेयॉलला टेलर असाच एका रात्रीच्या बदलीतून माहीत झाला. बदली सापडलीच नाही तर त्याच जागेवर दुय्यम माणूस उभा करू नका, बँडची मांडणी बदला. टेलर गेल्यावर मेयॉलने चौथा क्लॅप्टन शोधला नाही. ड्रमरही काढून टाकला, जॉन मार्कची बोटांनी वाजवलेली अकूस्टिक गिटार आणि जॉनी आल्मंडचं सॅक्सोफोन-बासरी घेतली, आणि जुलै १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ‘द टर्निंग पॉइंट’ हा अल्बम मंचावरच ध्वनिमुद्रित केला. त्यातल्या ‘रूम टू मूव्ह’मध्ये मधली मोकळी जागा माउथऑर्गनची आहे, आणि या वेळी ती त्याने स्वतःच घेतली.